भिंत पडली, तर दार कोणाचं ठोठावायचं?

आग्रही : महाराष्ट्रानं निवाऱ्याच्या हक्काचा कायदा करावा, असं मी म्हटलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घरकुलाच्या योजना काय कमी आहेत? कमी नाहीत, मान्य. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. आता वाशिम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव डोळ्यांसमोर आणा. ऑगस्टचा महिना आहे, चार दिवसांची झड लागलेली आहे, आणि रात्री दोन वाजता एका घराची मातीची भिंत आतल्या बाजूला कोसळते. माणसं वाचली, धान्य भिजलं, वर टिनपत्रे लोंबकळत आहेत. त्या क्षणी या पाच योजनांपैकी कोणती योजना त्या बाईच्या उपयोगाची आहे? प्रत्येक योजना तिला एकच विचारते : यादीत नाव आहे का? तिनं सरकारला काही विचारावं, अशी जागा कुठल्याच योजनेत नाही. मला ती जागा हवी आहे, आणि ती कायद्याशिवाय मिळत नाही.

साशंक : त्या रात्री शेजारी दार उघडतो. सकाळी सरपंच जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली उघडून देतो, नाहीतर समाजमंदिर आहेच. हे गावात कायद्याशिवाय होत आलं आहे. मी कायद्याच्या विरोधात नाही, पण कायद्यानं आधी तीन गोष्टींची उत्तरं द्यावी लागतात : देणं कोणाचं, पैसा कुठून, आणि जागा कोणती. ही तीन उत्तरं कोरी ठेवून हक्क लिहिला, तर त्या बाईच्या हातात आणखी एक अर्जाचा नमुना येईल.

आग्रही : शेजारी दोन रात्री दार उघडतो. तिसऱ्या रात्री त्याच्याही घरात नऊ माणसं असतात. शाळा ऑगस्टमध्ये भरलेली असते, मुलं कुठं बसवणार? आणि शेजाऱ्यानं कुणासाठी दार उघडायचं, हे गाव ठरवतं. नवऱ्यानं रात्री घराबाहेर काढलेल्या बाईसाठी तेच दार उघडेल का? तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. सामायिक घरात राहण्याचा हक्क त्यानं तिला दिला, संरक्षण अधिकाऱ्यानं सांगितल्यावर निवारागृहानं तिला ठेवून घेतलंच पाहिजे असं बंधन घातलं. त्या कायद्याची अंमलबजावणी अपुरी आहे, सखी केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तिथं राहण्याची मुभा पाच दिवसांची आहे, हे सगळं खरं. तरी तिला न्यायालयात उभं राहून ‘मला इथं राहू द्या’ असं म्हणता येतं. भिंत पडलेल्या बाईला तेवढंही म्हणता येत नाही.

साशंक : तिच्यासाठीही कायदा आहे. २००५ चाच आपत्ती व्यवस्थापन कायदा. मदत छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांचे किमान निकष ठरवावेत, असं त्याचं बारावं कलम सांगतं. राष्ट्रीय प्राधिकरणानं ते निकष केलेही आहेत. छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर छत हवं, असं त्यात आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहे, त्यातले ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के राज्याचे. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये, झोपडी गेली तर ८ हजार. कायदा आहे, निधी आहे, दरही ठरलेले आहेत.

आग्रही : आणि तरी आपण बोलतो आहोत ती बाई त्यात बसत नाही. का बसत नाही ते पाहू. आपत्ती ठरते पावसाच्या मोजमापावर. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. आसेगाव हे महसूल मंडळ आहे. तिथल्या पर्जन्यमापकावर जो आकडा येईल तो आसपासच्या सगळ्या गावांचा पाऊस. पण मातीची भिंत ६५ मिलिमीटरच्या एका सरीनं पडेलच असं नाही. ती पडते झडीनं. रोज वीस-पंचवीस मिलिमीटर, चार-पाच दिवस, सूर्याचं दर्शन नाही. पाणी भिंतीच्या बुडातून चढत जातं, आणि कधीकधी पाऊस थांबून ऊन पडल्यावर भिंत बसते. त्या दिवशी नोंदवहीत पाऊस शून्य असतो! राज्यानं २०२३ मध्ये सततचा पाऊसही आपत्ती मानला, ही चांगली गोष्ट झाली, पण तो निर्णय झाला शेतीपिकांच्या नुकसानीसाठी. सोयाबीनच्या बाबतीत जे कळलं ते भिंतीच्या बाबतीत अजून कळायचं आहे. आणि पंचनामा झालाच, तर एक भिंत पडलेलं कच्चं घर ‘अंशतः नुकसान’ या सदरात जातं. त्यासाठी किमान पंधरा टक्के पडझड लागते आणि मिळतात ४ हजार रुपये. चार हजारात ती भिंत उभी राहत नाही. घर आवास योजनेच्या लेखी कच्चं, म्हणून पात्र. पण प्रतीक्षा यादीत पुढं सरकायला पडलेली भिंत हे कारण होत नाही. एका खात्याचा पंचनामा दुसऱ्या खात्याच्या यादीपर्यंत पोचत नाही. माझ्या कायद्याचं पहिलं कलम हेच असेल : पंचनाम्यात घर राहण्यालायक नाही असं लिहिलं गेलं, की त्या कुटुंबाला चोवीस तासांत छत, पंधरा दिवसांत लेखी उत्तर, आणि घरकुलाच्या यादीत आपोआप वरचा क्रमांक.

साशंक : हे कलम चांगलं आहे. त्याला कायदा लागतो का, हा प्रश्न उरतोच. एका शासन निर्णयानं पंचनामा आणि यादी जोडता येईल. पण तुम्ही कायद्यावर एवढा भरवसा टाकता, म्हणून तुमच्याच आवडीचं उदाहरण घेतो. रोजगार हमी. १९७७ चा कायदा. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. आणि तोही किती जणांच्या हातात पडला? हक्क कागदावर पक्का असला तरी त्याचा दंड एवढा स्वस्त ठेवता येतो की तो मोडणं सरकारला परवडतं.

आग्रही : रोजगार हमी तुम्ही काढलीत ते बरं झालं, कारण मला तिच्यावर थोडं सविस्तर बोलायचं आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला लाखो माणसं बाहेर पडली, तेव्हा ती एक योजनाच होती. योजना म्हणून ती आणखी वीस वर्षं चालली असती, अर्थसंकल्पात पैसा आला की कामं, नाही आला की बंद. वि. स. पागे यांच्यासारख्यांनी आग्रह धरला तो तिला कायद्याचं रूप देण्याचा. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यानं काय बदललं? भत्त्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर, तो क्वचितच मिळाला. पण गावातल्या मजुरांना तहसीलवर मोर्चा नेताना हातात मागणीचा अर्ज धरता आला. त्याआधी ते विनंती करत होते, नंतर मागणी करू लागले. बायकांनी सगळ्यात जास्त केली. आणि पैशाचंही बघा : १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर बसवला तो याच कामासाठी, आणि कायद्यानं स्वतंत्र रोजगार हमी निधी उभा केला. मुंबईतल्या पगारदारानं कर भरायचा आणि वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या मजुराला काम मिळायचं, असा हा करार होता. तीन दशकांनी देशानं तो उचलला. आपल्याच राज्यानं एकदा हे करून दाखवलं आहे : आधी योजना, मग कायदा, आणि कायद्याबरोबर निधी. घरकुलांच्या बाबतीत आपण पहिल्याच पायरीवर बसून आहोत. इंदिरा आवास १९८५ पासून आहे. चाळीस वर्षं योजना!

साशंक : उदाहरण जोरकस आहे, आणि नेमकं म्हणूनच ते इथं लागू पडत नाही. काम कुठंही काढता येतं. नाला सरळीकरण, पाझर तलाव, रस्ता. जागा सरकारची असते, मजूर येतो, आठवड्याला मस्टर भरतं. घराला मात्र मागणाऱ्याच्याच नावाची जागा लागते. आणि आपल्याकडं ज्याचं घर सगळ्यात लवकर पडतं, त्याच्याच नावावर जागा नसते. गावठाण भरलेलं. भाऊ वाटण्या करून एका खणात तीन संसार मांडून बसलेले. ज्यांना तेही नाही, ते गावाबाहेर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या जमिनीवर. तिथं कुडाच्या भिंती, वर टिनपत्रे. वीस-वीस वर्षं राहतात, मतदान करतात, काही ठिकाणी घरपट्टीही भरतात. पण घरकुल मागायला गेले की नमुना आठ लागतो, आणि तो त्यांना मिळत नाही.

आता कायद्याची बाजू पाहा. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली. त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्यानं गायरान देण्यावर आणि तिथली अतिक्रमणं नियमित करण्यावर बंदी घातली. २०१८ च्या फेब्रुवारीत राज्यानं दुसरा निर्णय काढला, १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा. पण त्यातही गायरानाचा गुंता सुटला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षाअखेर काढा म्हणून सांगितलं आणि गावोगाव नोटिसा गेल्या. सरकारनं नंतर पावलं मागं घेतली. माणसांच्या मनातली भीती मागं गेली नाही. मी मघाशी सांगितलेलं आपत्ती निधीचं १ लाख २० हजारांचं सदर आहे ना, त्याच्या निकषातही एक ओळ आहे : बांधकाम अधिकृत असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा. ई-क्लासवरची बाई इथंही दाराबाहेरच. तुम्ही तिला घराचा हक्क द्याल, आणि दुसरं खातं तिला घर पाडायची नोटीस देईल. दोन्ही कायदेशीर. मग तिनं कोणत्या कायद्यावर विश्वास ठेवायचा?

आग्रही : हा तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि मी तो टाळणार नाही. जागेचं कलम नसेल तर कायदा पोकळ, हे मी मान्य करतो. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत बेघराला जागा विकत घ्यायला ५० हजार मिळत, ते आता १ लाख झाले. पण गावात लाखात पाचशे फूट जागा विकायला तयार कोण? आणि ती एकेकट्या मजुरानं, मालकाच्या दारात उभं राहून मागायची. ज्याच्या शेतात तो उद्या सोयाबीन सोंगायला जाणार, त्याच्याशी तो भाव काय करणार! म्हणून ही खरेदी शासनानं करावी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाखाली गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. प्रत्येक गावाला लागून दोन-चार एकर घेऊन गावठाण वाढवावं, आणि ते न करण्याची मुभा कायद्यानं काढून घ्यावी. आज हा नुसता अधिकार आहे. त्याचं कर्तव्य करायचं.

साशंक : कर्तव्य केलं तर माझा निम्मा विरोध गळून पडेल. उरलेला निम्मा पैशाचा आहे, आणि तो गळणार नाही. आवास योजनेचं अनुदान २०१६ मध्ये १ लाख २० हजार ठरलं. त्याला रोजगार हमीच्या ९० दिवसांच्या मजुरीची जोड. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८,०८० होतात. शौचालयाचे १२ हजार. बेरीज १ लाख ६० हजार ८०. हे पंचवीस चौरस मीटरच्या, म्हणजे २७० फुटांच्याही आतल्या घरासाठी. केंद्राचा आकडा इतकी वर्षं हललेला नाही. २०२५ च्या एप्रिलात राज्यानं ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. बांधकामाला आले ३५ हजार. सिमेंट, सळई, मिस्त्रीची मजुरी २०१६ च्या भावात थांबली आहे का?

आणि आपल्या भागातली जमीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया वरवर घातला तर दुसऱ्या वर्षी भिंतीला हात जाईल एवढी चीर पडते. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. कोकणात जांभ्यावर घर उभं करणाऱ्याला पायाचा जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट इथं जमिनीखाली गाडावा लागतो, आणि अनुदान दोघांना सारखंच. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात जोत्यापर्यंत आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, कारण अभियंता येऊन जोत्याचा फोटो काढतो. मग माणूस सावकाराकडं, नाहीतर बचत गटाकडं. पाच ब्रास रेती मोफत आहे. घाटापासून गावापर्यंत ट्रॅक्टर मोफत नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं, तर काम अर्धवट, आणि यादीत ‘अपूर्ण घरकुल’. म्हणजे दोष त्याचा! एक आकडा ठरवून दिलेल्या कायद्यानं हा आकडा आणखी घट्ट होईल. योजनेतला आकडा मंत्रिमंडळ एका बैठकीत बदलू शकतं, कायद्यातला बदलायला विधिमंडळ लागतं.

आग्रही : आकडा कायद्यात लिहायचाच नाही. घराची व्याख्या लिहायची : एवढं छत, काळ्या मातीत एवढा पाया, पाणी, शौचालय, आणि त्याची किंमत दरवर्षी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीनं काढायची. सरकार स्वतःच्या इमारती ज्या दरसूचीनं बांधतं, तीच गरिबाच्या घराला. आणि निधीचं म्हणाल, तर मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो उपकर २०२२ पासून भरावा लागतो. मेट्रोसाठी हे चालतं. लाखो रुपयांच्या सदनिकेच्या खरेदीखतातून अर्धा टक्का निवारा निधीला का नको? मे २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणानं २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरं आणि ७० हजार कोटींची गुंतवणूक असं उद्दिष्ट जाहीर केलं. धोरणाचं नाव ‘माझं घर, माझा अधिकार’. मथळ्यात अधिकार आहे, तर तो मजकुरातही उतरू द्या.

साशंक : उपकराचा अनुभव सांगतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ पासून एक टक्का उपकर आहे. हजारो कोटी गोळा झाले आणि पडून राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावरून राज्यांना खडे बोल सुनावले. व्यवसाय कर तर आपण आजही भरतो; त्यातलं किती मजुराच्या कामाला लागलं, हे विधिमंडळात अनेकदा विचारलं गेलं आहे. उपकर बसवणं सोपं, तो मंगरुळपीरपर्यंत पोचवणं अवघड. आणि जिथं तुमच्यासारखा कायदा खरंच झाला, तिथलं पाहा. इंग्लंडनं बेघरांचा कायदा केला, योगायोगानं आपल्या रोजगार हमीच्याच वर्षी, १९७७ मध्ये. मुलंबाळं असलेली कुटुंबं, गरोदर बायका, आणि पूर किंवा आगीत घर गेलेले, यांना छत देणं नगर परिषदांवर बंधनकारक झालं. आज तिथं १ लाखाहून अधिक कुटुंबं ‘तात्पुरत्या’ खोल्यांत वर्षानुवर्षं राहतात, कारण कायमची स्वस्त घरं बांधायचं सरकारनं दरम्यान कमी केलं. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत घराचा हक्क आहे. आयरीन ग्रूटबूम २००० मध्ये घटनात्मक न्यायालयात खटला जिंकल्या. जगभरच्या विधी महाविद्यालयांत तो निकाल शिकवतात. २००८ मध्ये त्या वारल्या तेव्हा झोपडीतच राहत होत्या.

आग्रही : ग्रूटबूमबाईंची गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि तिला माझ्याकडं उत्तर नाही. इंग्लंडच्या बाबतीत मात्र एक फरक तुमच्या नजरेतून सुटतो आहे. तिथं घर बांधण्यातला उशीर सरकारला महाग पडतो. रोज त्या खोल्यांचं भाडं परिषदेच्या खिशातून जातं, म्हणून तिथं दरवर्षी त्यावर ओरड होते. आपल्याकडं उशिराचं भाडं ती बाई भरते. भावाच्या पडवीत राहून, मुलीची शाळा सोडवून, पुण्याच्या वीटभट्टीवर झोपडं घालून भरते. सरकारच्या कुठल्याही हिशेबात तो खर्च दिसत नाही. मला कायदा हवा तो एवढ्यासाठी. उशिराची किंमत तिच्या पदरातून काढून तिजोरीत टाकायची.

साशंक : मग नेमकं तिजोरी कोणाची, हे लिहा. कारण मसुदा होताना ते वाक्य खाली खाली सरकत जाईल. राज्य म्हणेल जिल्हा परिषद, जिल्हा परिषद म्हणेल ग्रामपंचायत. ज्या ग्रामपंचायतीची घरपट्टीची वसुली दिवाबत्तीचं बिल भरताना संपते, तिच्यावर चोवीस तासांत छत देण्याचं बंधन आलं तर ती काय करेल? भिंत पडलीच नाही असा पंचनामा करेल. हे मी वाईटपणानं म्हणत नाही. ज्याच्याकडं पैसा नाही आणि कर्तव्य आहे, तो नोंदच करत नाही. आज निदान तलाठी आणि सरपंच खुल्या मनानं पंचनामा करतात, कारण त्यांच्या खिशाला तोशीस नाही. तुमच्या कायद्यानं तो प्रामाणिकपणा गेला तर?

आग्रही : म्हणून बंधन राज्यावर.

साशंक : राज्य दूर आहे. लातूर-उस्मानाबादचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीसह ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली, जागतिक बँकेचा पैसा होता, राज्याची सगळी ताकद होती. घरं झाली. पण आखीव चौकटींतली, गावापासून तुटलेली, गोठ्याला जागा नसलेली, अशी तक्रार लोकांनी वर्षानुवर्षं केली. त्याच कार्यक्रमात दुसरीकडं, हजारो गावांत, लोकांनी हप्ते घेऊन स्वतःची घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली, आणि ती त्यांच्या सोयीची झाली. वरून आलेलं कर्तव्य ठोक घर देतं. खालून आलेलं काम नीट होतं, पण त्याला हमी नसते. तुमच्या कायद्याला दोन्ही हवं आहे, आणि ते एकत्र कसं बसतं हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

आग्रही : पैसा आणि मुदत वरून, घर आणि जागा खालून. पंचनामा ग्रामसभेसमोर वाचायचा, म्हणजे तो दाबता येणार नाही. मुदत चुकली तर भाडं राज्याच्या निधीतून थेट त्या बाईच्या खात्यात.

साशंक : आणि ई-क्लासवरच्या बाईचं?

आग्रही : तिचं नाव पहिलं. जागा मिळेपर्यंत तिचं आहे ते छत पाडायचं नाही.

साशंक : ते वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालासमोर टिकेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही, आणि मी ते खोडायलाही तयार नाही. तेवढ्यावर आपण अडलो आहोत, असंच धरू. पण मसुदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आसेगावानं, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक गावानं, तीन याद्या मोठ्यानं वाचून मागाव्यात : घरकुलाची प्रतीक्षा यादी, गेल्या पावसाळ्यात पडलेल्या घरांच्या पंचनाम्यांची यादी, आणि गावठाणाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांची यादी. तिन्हींत असलेली नावं ठरावात लिहून तहसीलदारांकडं पाठवावीत. तो ठराव करायचा अधिकार ग्रामसभेला आजही आहे.